पाचव्या भागातली म्हातारी

यवतमाळ,
फेब्रुवारी २००७

माझे जन्माचे ड्रायव्हर भगवानराव यांस,

कंडक्टर श्रावणचा सप्रेम जयभीम. तुमचा रामराम मी इथं बसूनच ऐकला असं समजतो. वच्छलावहिनींना नमस्कार, कपिलला आणि सूनबाईंना आशीर्वाद. तुमचे गुडघे कसे आहेत? पुण्याच्या हवेनं गुडघे सुधारतात असं कपिल जाताना म्हणाला होता, पण ज्या गुडघ्यांनी उभी नोकरी यवतमाळ–दारव्हा गाडीचा क्लच दाबला ते नुसत्या हवेला दाद देतील असं मला वाटत नाही. वहिनींची शुगर कशी आहे? (कमी झाली असेल तर इकडं पेढे खायला या म्हणावं. वाढली असेल तरी या, चिवडा करू.) आम्ही सगळे मजेत आहोत. रुखमाबाईची कंबर जुनी आहे आणि दुखणंही जुनंच आहे, म्हणून काळजी नाही. कापसाचं मात्र विचारू नका. पूर्वी आपल्या गाडीत दोन माणसं शेजारी बसली की तिकीट फाडायच्या आत भावाची गोष्ट निघायची. आता दोघंही खिडकीबाहेर बघतात.

तुमच्या दिवाळीच्या पत्राला आत्ता उत्तर देतो आहे, याचा राग आला असेल. पण भगवानराव, मी जपानात होतो. (पासपोर्ट लागला नाही, वहिनींना घाबरवू नका.) मोनाली शाळेत असताना तुम्ही बिऱ्हाड हलवलं तेव्हा कपिलनं गेमचं जुनं मशीन आणि सीड्यांनी भरलेला बुटांचा डबा आमच्या मोनालीला देऊन टाकला होता, तो तुम्हाला आठवत असेल. त्या डब्यातल्या नऊ सीड्या एकाच खेळाच्या आहेत. खेळाचं नाव होशिनोमिची. मोनाली म्हणते, याचा अर्थ ताऱ्यांची वाट. एवढी वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला नाव आवडायला हरकत नव्हती, पण आमच्या घरात या वाटेवर मोठा अपघात झाला. तो सांगायलाच हे पत्र.

आधी खेळ समजून घ्या, नाहीतर अपघात समजणार नाही. या खेळाचे नऊ भाग आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. दर भागात नवा देश, नवा पोरगा, नवा राक्षस. तरी नाव एकच. मी पहिल्यांदा मोनालीला विचारलं की संबंधच नाही तर नंबर कशाला टाकले? ती म्हणाली, तुमच्या गाड्यांचे नाही का, बाबा, नंबर वेगळे आणि धक्के तेच. हे मला पटलं. कारण प्रत्येक भागात सुरुवातीला एक पोरगा झोपलेला असतो, त्याची आई त्याला उठवते, मग तो साथीदार जमवून जग वाचवायला निघतो, वाटेत एक मांजर त्याला मीठ विकते आणि कुठंतरी पाण्याला धक्का असतो, तिथं बोट लागते. हे सगळं नऊही भागांत आहे. मांजरीचा मिठाचा भाव तर पहिल्या भागापासून नवव्यापर्यंत तसाच आहे. (बाकी जगाला हे कसं जमत नाही ते त्या मांजरीला विचारायला पाहिजे.)

आता अपघात. आपले दारव्हा स्टँडचे कंट्रोलर उत्तमसिंग तुम्हाला माहीत आहेतच. रिटायर झाले तरी त्यांना गाड्या लावल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ते आता स्थळं लावतात. त्यांनी मोनालीसाठी दारव्ह्याचा मुलगा आणला. अश्वजित नाव, वीजबोर्डात लाईनमन, घरी थोडी शेती, मुलगा हसरा, खांबावर चढायचा म्हणून अंगानं सडपातळ. आमची मोनाली कशी आहे ते तुम्ही लहानपणापासून बघितलं आहे. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि आलेलं प्रत्येक स्थळ परतीच्या गाडीनं पाठवते. पण या वेळी ती सकाळीच आपण होऊन निळ्या ड्रेसला इस्त्री करत बसली, तेव्हा रुखमाबाईनं मला डोळ्यानंच खुणावलं की बोलू नका, इस्त्री बंद होईल.

कार्यक्रम रीतसर सुरू झाला. पोहे झाले, चहा झाला, नोकरी विचारून झाली, मामाकुळ निघालं, त्यात अर्धी ओळख निघाली. मग उत्तमसिंग म्हणाले की पोरांना आतल्या खोलीत बोलू द्या थोडं. आम्ही बाहेर बसून त्याच त्या नातेवाइकांना पुन्हा ओळखत होतो. आतून आधी हसण्याचा आवाज आला. मुलाच्या आईनं रुखमाबाईकडं बघून मान हलवली. मग बोलणं जरा मोठ्यानं येऊ लागलं. मग फारच मोठ्यानं. आणि दार उघडून मोनाली लाल तोंडानं स्वयंपाकघरात गेली, मुलगा त्याच रंगाच्या तोंडानं बाहेर आला आणि चप्पल शोधू लागला.

काय झालं होतं ते सांगतो. मुलाला फळीवर नऊ सीड्या दिसल्या आणि त्यानं आनंदानं टाळी दिली (मोनालीनंही घेतली, हे तिनं नंतर कबूल केलं). तोही हाच खेळ खेळून मोठा झालेला, अमरावतीला होस्टेलमध्ये. मग साहजिकच निघालं की सगळ्यांत चांगला भाग कोणता. मोनाली म्हणाली पाचवा. तो म्हणाला सातवा, आणि पाचवा तर नऊ भागांत सगळ्यांत पडेल. मोनाली म्हणाली की धक्क्यावरची म्हातारी आपल्या नातवाला बोटीत बसवते आणि स्वतः मागं राहते, यापेक्षा चांगलं सातव्यात काय आहे? तेव्हा तो म्हणाला, नातू कुठला, ती म्हातारी त्याची कोणीच लागत नाही, ती तर भलतंच काही बोलत असते. आणि हसला. भगवानराव, तिथंच गाडी रस्ता सोडून खाली उतरली.

रुखमाबाईचं म्हणणं असं की स्थळं पगारावरून मोडतात, रंगावरून मोडतात, लोकांत पत्रिकेवरून मोडतात (आपल्यात पत्रिका नाही, तेवढं एक कारण कमी), पण जपानवरून स्थळ मोडल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. उत्तमसिंग तर दोन दिवस मला फोन करून विचारत होते, "पन तुटलं काहून, श्रावणभाऊ? मले लोक विचारून राह्यले, मी काय सांगू? सातवा का पाचवा, हे काय कारण हाय का?" मी म्हणालो, मुलीचा नकार आहे, ती म्हणते जो माणूस म्हाताऱ्या बाईवर हसतो त्याच्याशी माझं जमणार नाही. तिकडं मुलगाही हटून बसला होता. पण मी बाप आहे, मला दिसत होतं. ज्या पोरीनं इतकी स्थळं हसत हसत मोडली ती या वेळी जेवेना. निळा ड्रेस तिनं पेटीच्या तळाशी टाकला आणि मशीन फडक्यानं झाकलं. पोरीला मुलगा आवडला होता. आणि उत्तमसिंगनं हळूच सांगितलं की मुलाच्या आईनं कळंबचं दुसरं स्थळ बघून ठेवलं आहे, संक्रांत झाली की जाणार.

मग मी ठरवलं की चौकशी करायची. आयुष्यभर मी गाडीत चढून माणसं मोजल्याशिवाय कागदावर सही केली नाही. इथं माझ्या पोरीचा संसार सातव्यात आणि पाचव्यात अडकला आहे आणि दोन्ही मी बघितलेले नाहीत, हे बरोबर नव्हतं. फडकं काढलं, मशीन लावलं आणि खेळायला बसलो. रुखमाबाई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोरीचं लगन मोडलं त बाप गेम खेळून राह्यला. बाहेर कोनाले सांगू नका." मी म्हणालो, ही चौकशी आहे. ती म्हणाली, मग चौकशी करताना तोंडानं ढिश्शुम करू नका.

पहिला त्रास अंगठ्याचा. माझ्या अंगठ्याला तिकिटाला भोक पाडायची सवय, एकदा दाबलं की काम झालं. त्या रिमोटवर सारखं दाबावं लागतं. सुरुवातीला सातव्या भागातल्या माझ्या पोराला त्याच्या आईनं उठवलं आणि तो संध्याकाळपर्यंत आपल्याच घराच्या भिंतीवर चालत राहिला. पण हळूहळू जमलं. सातवा भाग इंग्रजीत आहे, मोनालीची डिक्शनरी मांडीवर घेऊन मी निम्मा-अर्धा समजलो. दिसायला देखणा आहे, मुलाचं म्हणणं खोटं नाही. डोंगर असे की आपला रस्ता त्यापुढं सपाट वाटावा. पण एक मोठा दोष आहे. पोरगा नऊ साथीदार जमवतो आणि बरोबर फक्त चौघांना नेता येतं. बाकीचे धर्मशाळेत बसून राहतात. भगवानराव, आपल्या गाडीत बाजाराच्या दिवशी पायरीवर सुद्धा जागा झाली आहे, आणि इथं अख्खं जग बुडायला आलं तरी उभ्यानं कोणाला घेत नाहीत. मला ते बघवेना. मी दर लढाईनंतर धर्मशाळेत परत जायचो आणि आळीपाळीनं सगळ्यांना फिरवून आणायचो. त्यामुळं जग वाचायला फार वेळ लागला, पण कोणाची तक्रार राहिली नाही.

दुसरं म्हणजे तिथला पैसा. राक्षस मारला की त्यातून पैसे पडतात. रुखमाबाई भाजी निवडता निवडता बघत होती, ती म्हणाली की आपल्याकडं बोंडअळी मारायला पैसे लागतात आणि तिकडं अळी मारली की पैसे मिळतात, त्या लोकांना सांगा आमच्याकडं या. सातव्यात एक शेतकरी आहे, त्याच्या शेतावर शाप पडलेला असतो. पोरगा राक्षस मारतो, दुसऱ्या दिवशी शेत हिरवं होतं आणि शेतकरी खूश होऊन घरात पडलेली सोन्याची तलवार देऊन टाकतो. मी तिथंच थांबलो. मला बघायचं होतं की आता त्याचा माल कोण घेतो आणि काय भावानं. कोणीच आलं नाही. तो फक्त रोज तेच आभार मानत होता. इथं घराघरात कापूस पडून आहे आणि त्याच्या घरात तलवार पडून होती. तरी मी सातव्याला नावं ठेवणार नाही. शेत दुसऱ्या दिवशी हिरवं झालेलं बघायला बरं वाटतं, खोटं असलं तरी.

मग पाचवा लावला. आणि भगवानराव, मी उडालोच. पाचवा सगळा जपानी आहे. एक अक्षर इंग्रजी नाही. (कपिलनं कुठून आणला होता देव जाणे, म्हणजे तुमचे देव.) मी स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं की पोराची आई काय म्हणते? मोनाली माझ्याशी गेमवर बोलत नव्हती, पण भाकरी थापता थापता न बघता म्हणाली, ती म्हणते ऊठ, आज आभाळ वेगळ्या रंगाचं आहे. मी पुढं गेलो. हा दाढीवाला काय म्हणतो? तो म्हणतो माझ्या विहिरीत रात्री कोणीतरी गातं. असे चार-पाच दिवस गेले. ती आतून सांगायची, मी बाहेर खेळायचो. गोष्ट इतकी चांगली होती की रुखमाबाईनं सुद्धा हातातलं काम खाली ठेवलं.

मला संशय आला तो मांजरीमुळं. सोमवारी मांजर मीठ विकताना काय म्हणते विचारलं तर मोनाली म्हणाली, ती म्हणते हे मीठ समुद्राचं नाही, रडण्याचं आहे. मंगळवारी तीच मांजर, पडद्यावर तीच अक्षरं. ती म्हणाली, मांजर म्हणते उद्या दुकान बंद राहील. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि विचारलं, "मोनाली, तुले जपानी येते का?" ती भाकरी उलटत राहिली. मग म्हणाली, "नाही येत." शाळेत होती तेव्हा सीडी हातात आली, वाचता येईना, टाकवेना. म्हणून ती माणसांचे चेहरे बघून काय बोलत असतील ते ठरवत गेली. दर वेळी खेळताना गोष्ट थोडी आणखी पक्की होत गेली. अश्वजितनं होस्टेलमध्ये पाचवा इंग्रजीत खेळला होता. म्हणजे जगात पाचवे भाग दोन होते. एक जपानी लोकांनी केलेला आणि एक आमच्या मोनालीनं, चुलीजवळ बसून. तो पहिल्याला पडेल म्हणाला आणि हिला वाटलं दुसऱ्याला म्हणाला. मी तिला म्हणालो, हे त्याला सांगितलं असतं तर? ती म्हणाली, तो आधी हसला ना, बाबा. मग कसं सांगणार?

आता मधे लाईटचं सांगतो. तुमच्याकडं पुण्यात लोडशेडिंग किती आहे माहीत नाही, आमच्याकडं लाईट पाहुण्यासारखी येते आणि न जेवता जाते. हा खेळ मधे मधे सेव्ह करावा लागतो, म्हणजे कुठपर्यंत आलो त्याची नोंद मशीनला द्यावी लागते. लाईट त्याआधी गेली की तुम्ही परत डेपोत. माझं असं सारखं व्हायचं. एक दिवस दुपारी फोन वाजला. उचलला तर अश्वजितचा आवाज. "काका, दहा मिनिटात तुमच्या भागातली लाईट जाऊन राह्यली. सेव्ह करून घ्या." आणि फोन ठेवला. मी थक्क. उत्तमसिंगनं त्याला सांगून टाकलं होतं की पोरीचा बाप चौकशीला बसला आहे, आणि यवतमाळच्या सबस्टेशनला त्याचा मित्र आहे. त्यानंतर तो रोज फोन करायचा. वेळापत्रकातली लाईट जाणार असली तरी आणि अचानक जाणार असली तरी. दुसरा शब्द बोलायचा नाही. मोनाली त्या वेळी काहीतरी कारण काढून पुढच्या खोलीत यायची आणि काहीच न करता परत जायची. रुखमाबाई म्हणाली, "ज्याले आपल्या लाईटीची एवढी फिकर हाय त्याले आपून पोरगी काहून नाही देऊन राह्यलो?"

शेवटी मी दारव्ह्याला गेलोच. आपलीच गाडी, नवीन ड्रायव्हर. (चांगला आहे, पण वळणावर तुमच्यासारखा हॉर्न वाजवत नाही, नुसता वाजवतो.) अश्वजितच्या घरी पुढच्या खोलीत कापूस भरलेला, पार आढ्यापर्यंत. भावाची वाट बघत वेचणीपासून पडून आहे. टीव्ही त्याच खोलीत, म्हणून कापसात खड्डा करून बसायची सोय केली आहे. मी त्या खड्ड्यात बसलो आणि जो खाली गेलो तो माझं फक्त तोंड वर. चहाचा कप मला वरून हातात द्यावा लागला. घरातल्या कापसानं अंगाला खाज सुटते हे मला ठाऊक होतं, पण व्याह्याच्या घरी खाजवायचं कसं, त्यातून अजून व्याही झालेलाही नाही. मी हातपाय दाबून धरले आणि त्याला सगळं सांगितलं. पाचवा जपानी आहे, तिला भाषा येत नाही, गोष्ट सगळी तिनं रचली आहे, म्हातारी पण तिचीच.

तो कापसाचा एक बोळा घेऊन त्यातली सरकी काढत बसला. मला वाटलं आता हा पुन्हा हसणार आणि मला या खड्ड्यातून कोणाच्या तरी हाताला धरून निघावं लागणार. मग तो म्हणाला, "काका, मंग बोट सुटल्यावर तिच्या गोष्टीत म्हातारी काय करते?" मी म्हणालो, मला माहीत नाही, मी अजून बोट सोडलेली नाही.

हेही खरंच होतं. धक्क्यावर नावाडी एक प्रश्न विचारतो, खाली दोन उत्तरं येतात. वरचं दाबलं की बोट सुटते आणि म्हातारी धक्क्यावर राहते. खालचं दाबलं की बोट थांबते. मी पहिल्यांदा वरचं दाबलं, बोट हलली, म्हातारी लहान लहान होऊ लागली आणि मी उठून मशीनच बंद केलं. प्रवासी खाली उभा असताना मी कधी डबल बेल दिली आहे का, भगवानराव? तुम्ही साक्षीदार आहात. त्यानंतर रोज धक्क्यावर जायचो, खालचं दाबायचो, परत गावात यायचो. असं रोज चाललं होतं. मोनाली म्हणायची, बाबा, त्याशिवाय खेळ पुढं जात नाही. मी म्हणायचो, जाऊ दे.

दारव्ह्याहून आल्यावर दोन दिवसांनी फोन वाजला. मी धक्क्यावरच होतो, हात गुंतलेले, म्हणून मोनालीनं उचलला. मी सेव्ह करायच्या तयारीत बसलो. पण ती फोन ठेवेना. आधी नुसतं हं, हं. मग म्हणाली, "तुम्ही हसले कायले पन?" मग बराच वेळ ऐकत राहिली. मग खाली जमिनीवर बसली आणि सांगू लागली की एक पोरगा झोपलेला असतो आणि त्याची आई त्याला म्हणते, ऊठ, आज आभाळ वेगळ्या रंगाचं आहे. रुखमाबाई आणि मी एकमेकांकडं बघत नव्हतो. ती विहिरीपर्यंत आली, मांजरीपर्यंत आली. आणि ती धक्क्याच्या जवळ पोचली तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही काळा, पंखा बंद, माझी सगळी मेहनत पाण्यात. जो माणूस सेव्ह करा म्हणायला फोन करतो तो त्या दिवशी तेच विसरला. फोनला मात्र लाईट लागत नाही. ती बोलत राहिली, आणि शांतता इतकी होती की मला शब्द न् शब्द ऐकू आला. तिच्या पाचव्यात बोट गेल्यावर म्हातारी घरी जाते, दिवा पुसते, झोपते. आणि दर आठवडी बाजाराला पिशवी घेऊन पुढच्या बोटीनं पलीकडं जाते. हे खेळात कुठंच दाखवलेलं नाही, ती त्याला म्हणाली, पण ती जातेच.

तेव्हा भगवानराव, कळवण्यास आनंद होतो की कळंबचं स्थळ दुसऱ्या कोणाला तरी लागलं आणि आमच्या मोनालीचा साखरपुडा मागच्या रविवारी झाला. निळा ड्रेस पेटीतून निघाला. अश्वजितनं सगळ्यांसमोर सांगितलं की सातवा चांगला आहे, पण पाचवा त्यानं अजून खेळलेलाच नाही. एकच अडचण होती. नव्या जोडप्याची खोली म्हणजे तीच कापसाची खोली, आणि भाव आल्याशिवाय खोली रिकामी व्हायची नाही. भाव केव्हा येईल हे मांजरीला सुद्धा सांगता येत नाही. तर गेल्या आठवड्यात मुलाच्या वडिलांनी कापूस काढला. काय मिळालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. खोलीला चुना लावून झाला आहे आणि अश्वजितनं स्वतः वायरिंग नवं केलं आहे. मला वाटतं पोरं सुखात राहतील. मला खरंच तसं वाटतं.

लग्न एप्रिलमध्ये, इथंच. पत्रिका छापून आली की पाठवतो. वहिनींना नमस्कार, गुडघ्यांना जपा.

तुमचाच,
श्रावण

ता.क. १. मशीन आणि सीड्या मोनालीबरोबर दारव्ह्याला जाणार. कपिलनं पुण्यात गेल्यावर दुसरं मशीन घेतलं असेल तर ते आता रिकामंच पडलं असेल. मी मागत नाही, फक्त विचारतो. आठव्या भागात म्हणे दोन रिमोट लावून दोघांना खेळता येतं. रुखमाबाई नाही म्हणाली, पण कोणाचा रिमोट ते तिनं विचारलं.

ता.क. २. कपिलकडं पाचव्याची इंग्रजी सीडी असेल तर ती मात्र पाठवू नका. आहे हेही मोनालीला कळू देऊ नका. अश्वजितलाही मी सांगितलं आहे की म्हातारी खरोखर काय बोलते ते त्यानं मला सांगायचं नाही. ती काय बोलते ते मला ठाऊक झालं आहे.

ता.क. ३. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. पाठवणीला आपल्या डेपोतून गाडी ठरवली आहे, करारावर, यवतमाळ ते दारव्हा. गाडी आता दुसरा पोरगा चालवेल, तुम्ही नुसतं त्याच्या शेजारी बसा आणि पोरीला पोचवून या. मी जाणार नाही, मी खाली उभा राहून दारातून दोरी ओढीन. पण मागून बेल द्यायची तर पुढं तुम्ही आहात एवढं मला माहीत पाहिजे, नाहीतर माझा हात उठायचा नाही. आणि लग्नाच्या आठ दिवस आधीच या. नव्यानं खेळून मी परत धक्क्यावर येऊन थांबलो आहे, अंगठा अजून वरच्या उत्तरावर जात नाही. तुम्ही शेजारी बसलात की आधी ती बोट सोडून बघू.